काचेपलीकडचं विमान

३ मार्च, मंगळवार
आली एकदाची ती काच! वैमानिकाच्या डोळ्यांसमोर लटकते, आरपार दिसते आणि तिच्यावर हिरवे आकडे उमटतात — वेग, उंची, दिशा. म्हणजे मान खाली घालून यंत्रांचे पडदे बघायला नकोत, नजर कायम बाहेर. इतकी वर्षं आम्ही माना मोडून घेतल्या त्या उगीचच म्हणायच्या. सध्या फक्त माझ्या बाजूला बसवलीय. सहवैमानिकाला साधी खिडकी. कॅप्टन असण्याचे फायदे!

४ मार्च
परवा सिम्युलेटरवर, म्हणजे जमिनीवरच्या नकली कॉकपिटात, चाचणी. एक संशोधक बाई आल्यात. त्या मला चष्मा घालणार आणि माझी नजर कुठेकुठे फिरते ते टिपणार. चाचणी नीट झाली की प्रमुख प्रशिक्षकाची खुर्ची माझी, असं साहेब कानात सांगून गेले. "तुमच्यासारखी नजर आहे कोणाची?" म्हणाले. मी विनयाने 'छे, छे' म्हणालो. मनातून मान्यच होतं.

६ मार्च, शुक्रवार
काय सुरेख उतरवलं विमान! खोटं का होईना, दाट धुकं होतं. आकडे जागच्या जागी, चाकं रेषेवर. शेजारी सहवैमानिक — नुकतीच रुजू झालेली मुलगी. बाहेर आलो तर बाईंनी विचारलं, "कॅप्टन, धावपट्टीवर काय दिसलं?"

"धावपट्टी," मी म्हणालो. कोणी हसलं नाही.

त्यांनी चित्रण लावलं. धावपट्टीच्या मधोमध एक विमान आडवं उभं. अख्खं, शेपटीसकट! शेवटच्या क्षणी त्यांनीच ते सिम्युलेटरच्या दृश्यातून पुसलं, म्हणून मी 'सुखरूप' उतरलो. माझ्या नजरेचा लाल ठिपका त्या विमानावरून दोनदा फिरला होता आणि मुकाट्याने हिरव्या आकड्यांवर परत येऊन बसला होता.

"तुम्ही बघितलंत," बाई म्हणाल्या. "तुम्हाला दिसलं नाही."

साहेबांनी घसा खाकरला. मंगळवारी पुन्हा चाचणी.

७ मार्च
बायकोला सांगितलं. "त्यात काय नवल? फ्रिजमधलं समोरचं लोणी तरी तुला कधी दिसलंय का?" मी ताडकन उठलो आणि लोणी काढून दाखवलं. चीज निघालं.

८ मार्च
आज हसू येत नाही. माझ्या मागे बसलेली माणसं पेपर वाचत असतात, मुलांना झोपवत असतात. मला भीती वाटतेय. हे तोंडाने बोलता येत नाही, म्हणून इथे.

१० मार्च, मंगळवार
तेच धुकं, तेच विमान, त्याच जागी. आंधळ्यालाही दिसलं असतं! मी न उतरता विमान रुबाबात पुन्हा वर घेतलं. साहेबांनी पाठ थोपटली. अहवालात लिहिणार म्हणे — 'काचेची सवय होताच अडचण दूर.' फुटलेल्या पेपरात पैकीच्या पैकी! बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मी साहेबांचे आभार मानले. खुर्ची हवी होती मला, दुसरं काय.

११ मार्च
खुर्ची मिळाली. सोमवारपासून नव्या पोरांना मी शिकवणार — बाहेर कसं बघायचं ते!

१२ मार्च, गुरुवार
कॉफीच्या मशीनपाशी सहवैमानिक अभिनंदन करायला आली आणि तिथेच घुटमळली.

"सर, एक सांगू? पहिल्या वेळी मला दिसलं होतं. ते विमान."

"मग ओरडली का नाहीस?"

"तुम्ही इतके निवांत होतात... वाटलं, तुम्हालाही दिसलंय."

तिच्यासमोर काच नव्हती. ती माझा चेहरा बघत होती.