एकशेतीसला घेतलेला कागद

रत्नागिरी, गुरुवार, नोव्हेंबर २००३

हात दोनदा धुतले, तरी आमसुलांचा वास जात नाही.

दुपारी बँकेत माझा जुना विद्यार्थी भेटला. तिथेच कामाला आहे. दादा गेल्यावर वहिनींना मी बारा टक्क्यांचा बाँड घ्यायला लावला, ते त्याला कौतुकानं सांगत होतो. मागणी एवढी, की शंभराचा कागद एकशेतीसला घ्यावा लागला.

तो हसला. "सर, तुम्ही मला मराठीत नापास करायचात. आज मी तुम्हाला गणितात करतो. बारा टक्के शंभरावर आहेत, तुम्ही दिलेत एकशेतीस. म्हणजे व्याज सव्वानऊच पडलं. आणि मुदत संपल्यावर हातात शंभरच येणार. ते तीस गेले धरलेत तर जेमतेम सात. भाव चढला की परतावा उतरतो, सर."

भाव चढतोय म्हणूनच तर मी घाई केली होती. एक लाख तीस हजार. दादाची सगळी ग्रॅच्युइटी.

संध्याकाळी वहिनींकडे गेलो. कागद त्यांनी आमसुलांच्या डब्यात ठेवलाय. तो मी बाहेर काढला आणि त्यांना सांगितलं, आठ वर्षांनी एक लाखच परत मिळणार.

"मग महिन्याला हजार येतात ते, भावजी?"

"त्यातले तीनशे तुमच्याच त्या वरच्या तीस हजारांतले आहेत."

वहिनींनी कागदाची घडी घातली. "म्हणजे ह्यांचंच थोडं थोडं खात्येय म्हणा की."

सात टक्केही आजकाल वाईट नाहीत, असं मी म्हणालो. का म्हणालो?

कागद परत डब्यात गेला. सल्ला माझा होता, हे त्या बोलल्या नाहीत. मीही बोललो नाही.