तुळशीच्या कुंडीतली माती

चाकण, बुधवार

ती. आईस दिपालीचा वाकून नमस्कार.

मी बरी आहे, डबा वेळेवर येतो. तुझी कंबर कशी आहे?

बंद पडलेल्या प्लेटिंग कारखान्याच्या जागेत आम्ही मोहरी पेरलीय, हे तुला सांगितलंच होतं. तिची मुळं मातीत मुरलेलं शिसं, क्रोमियम असलं विष ओढून घेतात, पण त्याला वर्षं लागतात. मालकाला मात्र तिथं घाईनं कामगारांच्या लेकरांसाठी पाळणाघर बांधायचंय.

सोमवारी तपासणीला माती पाठवायची होती. आमचे कुलथेसाहेब शेतात गेलेच नाहीत. ऑफिसच्या खिडकीतल्या माझ्या तुळशीच्या कुंडीतलीच माती त्यांनी पिशवीत भरली. तू आपल्या रानातून बांधून दिलेली! वर हसून म्हणतात, "गावाकडची माती कशी सोन्यासारखी असते बघा." शी! त्या हसण्याचीच किळस आली मला.

आज अहवाल आला, माती निर्दोष आहे म्हणे. साहेबांनी पेढे वाटले. मी माझा पेढा मोरीत थुंकून आले.

पण आई, त्या पिशवीवर जागेचं नाव लिहिलंय ते माझ्याच अक्षरात.

बाबांना यातलं काही बोलू नकोस. पोरगी जमीन बरी करते, असं ते गावभर सांगत असतात.

तुझी,
दिपाली