वारूळवाडीतला सर्व्हर

२ मार्च, रविवार
आजपासून स्वातंत्र्य. घरातले फोटो, कागदपत्रं, फोन नंबर, सगळं परक्या कंपनीच्या ताब्यात. दहा वर्षं झोपलो होतो. आळेफाट्याहून एक जुना ऑफिसचा कॉम्प्युटर आणला. त्यावर लिनक्स, म्हणजे कुठल्याच कंपनीचं नसलेलं मुक्त सॉफ्टवेअर, टाकणार. आपला सर्व्हर, आपल्या घरात. यशोधरा म्हणाली, आहे ते चाललंय की. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण दूरदृष्टी या विषयावर आमचं एकमत होत नाही.

५ मार्च, सायं. ६.१०
लिनक्स बसलं. चौथ्या प्रयत्नात. व्हिडिओतला माणूस वीस मिनिटांत करतो, पण घाईत करतो. वायफाय ओळखत नाही, म्हणून स्वयंपाकघरातून वायर ओढली. यशोधरा तिच्यावर हातपुसणी वाळत घालते. स्पीडवर परिणाम नसावा.

९ मार्च, रविवार
वडिलांच्या, म्हणजे दादांच्या, फोनमध्येही मुक्त सॉफ्टवेअर. वय शहात्तर, पण शिकतील. संध्याकाळी वाजणारा फोन धरून अंगणात उभे. "आरं रविंद्र, हिरवं बटण कुटं गेलं?" म्हटलं, आता बोट सरकवायचं. सरकवलं. कट. पुण्याहून आरतीचा होता. पोरीने परत केला. परत कट. तिसऱ्यांदा तिने शेजारच्या लंकाबाईंना केला. सुरुवातीला असं होतं.

१२ मार्च
अकरा हजार फोटो सर्व्हरवर आले. कंपनीचं खातं कायमचं डिलीट. तीनदा विचारलं, नक्की का? घाबरलेत. सगळ्यांच्या मोबाइलमधलेही फोटो पुसून मोबाइल हलके केले. बॅकअप म्हणून वेगळ्या डिस्कवर एक प्रत हवी. रविवारी.

१६ मार्च, रविवार
डिस्क आणायला नारायणगावात गेलो. शाळेतले सयाजी सर भेटले. त्यांना मुक्त सॉफ्टवेअर समजावलं. दुकान बंद झालं.

२३ मार्च, रविवार
डिस्क आणली. प्रत पुढच्या रविवारी. आज सर्व्हरचा वॉलपेपर बदलला.

२७ मार्च
आरतीला नर्सिंगच्या मुलाखतीसाठी मार्कशीट हवी. म्हटलं, आपल्या सर्व्हरवरून घे. पुण्यातून उघडेना. नेटवाले गेणभाऊ आले, हातपुसणी बाजूला करून वायर बघितली. म्हणाले, "भाऊ, आमच्या लायनीवर बाहेरून तुमचं घर दिसतच न्हाई. तुमी आतनं बाहेर जाल, पण बाहेरनं आत कोण येऊ शकत नाय."
म्हणजे सुरक्षा उत्तम.
कपाटातल्या मार्कशीटचा फोटो काढून यशोधराने पाठवला. कुठल्या कंपनीच्या ॲपवरून, ते विचारलं नाही.

३० मार्च, रविवार
पाव्हणे. प्रत राहिली.

६ एप्रिल, रविवार, सकाळी १०
आज नक्की. पण लाईट येते-जाते. स्थिर झाली की करतो.

दुपारी ४.३०
लाईट आली. सर्व्हर सुरू होईना. आतून टक टक आवाज.

८ एप्रिल
टक टक. इंटरनेटवर जाणकारांना इंग्रजीत विचारलं. एकानेच उत्तर दिलं: बॅकअप आहे ना? मी अजून कळवलेलं नाही.

१० एप्रिल
वीस तारखेला आईला जाऊन वर्ष होतंय, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम. दादांनी फ्रेमसाठी फोटो मागितला. "त्यो निळ्या लुगड्यातला काढ. हसतीया बघ, त्यो." म्हटलं, जरा तांत्रिक अडचण आहे. दादा म्हणाले, बरं.

१२ एप्रिल
सर्व्हरमधली बिघडलेली डिस्क पुण्याला दुरुस्तीला नेली. तिथल्या माणसाने ती कानाला लावून ऐकली. दोन तास ठेवून घेतली. परत देताना पिशवीसुद्धा दिली.
यशोधराला सांगितलं, फोटो गेले. वाटलं, ओरडेल. ती कणीक मळत राहिली. मग म्हणाली, सगळे? म्हटलं, सगळे. "आईंचे पण?" मी सर्व्हरची वायर गुंडाळायला घेतली.

१३ एप्रिल, रविवार
नातेवाइकांना फोन. कुणाकडे आईचा एकही फोटो नाही. काढणारे आम्हीच. आधार कार्डावरचा दादांना दाखवला. बघून म्हणाले, "जानका अशी नव्हती." दादांना कारण सांगितलं. सर्व्हर, डिस्क, लाईट. त्यांनी मध्येच विचारलं, "म्हंजी गेला?" हो म्हटलं. उठून गोठ्याकडे गेले.

१६ एप्रिल
पिंपळवंडीला मावसभावाकडे त्याच्या लग्नाचा अल्बम चाळला. एका फोटोत आई. पंगतीत भात वाढतेय. अर्धा चेहरा कुणाच्या तरी फेट्याआड. स्टुडिओवाल्याने फेटा काढून फोटो मोठा करून दिला. जिथे फेटा होता तिथला गाल त्याने अंदाजाने केलाय.

२० एप्रिल, रविवार
बुद्धवंदना झाली. माणसं जेवून गेली. निघताना सयाजी सरांनी हळूच विचारलं, ते मुक्त सॉफ्टवेअर घेऊ का? मी ताक आणायला आत गेलो.
दादांनी फ्रेम भिंतीवर लावू दिली नाही. आईच्या जुन्या साडीत गुंडाळून ट्रंकेत ठेवली, कुलूप लावलं, किल्ली कमरेच्या करगोट्याला बांधली.
म्हटलं, दादा, मोबाइलवर त्या फ्रेमचा एक फोटो काढून ठेवतो. असावा जवळ.
दादा म्हणाले, "तू नगं."