कापायचं नाही, नुसतं टेकवायचं

६ जानेवारी
परकर आज पुन्हा चिकटला. पाणी मारमारून सोडवला, तरी खपली निघालीच. उजव्या कमरेला, नेमकी नाडी बसते तिथं. आधी नुसता काळा पट्टा होता, तो सगळ्याच बायांना असतो. मग खाज. मग पांढरट, खरखरीत. आता मधोमध फुगलंय आणि पाणी येतं. मेडिकलवाल्यानं दिलेली गजकर्णाची ट्यूब किती दिवस चोळली. दिवसभर मशीनवर बसून दुसऱ्यांचे परकर शिवायचे, आणि स्वतःच्या कमरेला हात लावायची घीण. आंघोळ करताना मी तिकडं बघतच नाही.

८ जाने.
प्र. (नवऱ्याचं नाव लिहायला अजून हात अडतो) म्हणाले, "काहून असा वास येऊन राह्यला? उंदीर मेला का कुठी?" खरंच वाकून पलंगाखाली बघितलं. शेवटी दाखवलं मी. तोंड फिरवून म्हणाले, "झाक, झाक." अंथरूण उचलून पुढच्या खोलीत गेले.
लेकरू जन्मलं तेव्हाचं माझं रक्त पाहिलेला माणूस. झाक म्हणे.

११ जाने.
प्र. कारंज्याहून कुणाकडून तरी लेप घेऊन आले. हिरवा, बुळबुळीत, गोठ्याचा वास. लावल्याबरोबर आग.
"जळते म्हंजे लागू पडून राह्यलं."
दुपारपर्यंत दम धरला. धुतला तर सोबत सालटं आलं. मोरीतच उलटी झाली. लेपाची की माझी घीण आली, माहीत नाही. दोन्हीची.

१४ जाने., संक्रांत
रेखाताईंचा आसेगावहून फोन. नणंद, पण बोलायला बहिणीसारखी.
"आमच्या गावात चामडीच्या कॅन्सरच्या तपासणीचं शिबिर हाय. नवीन यंत्र येऊन राह्यलं. कापत नाई, टोचत नाई. तू ये."
"मले कॅन्सर नाही ताई."
"मंग त येच. तुह्या परकरावरचे डाग म्या दिवाळीतच पायले."
फोन ठेवला. तिळाची कढई करपली.

१७ जाने.
मंगरूळहून सकाळची एसटी धरून आसेगाव. ग्रामपंचायतीचा हॉल. आडोसा म्हणून काय, तर तिथल्या पुढाऱ्याचा फ्लेक्स दोरीला टांगलेला. सगळे भाऊसाहेब म्हणतात त्याला. त्याच्या हात जोडलेल्या फोटोमागं मी नाडी सोडली. बाहेर माणसं हसतखिदळत होती.
आत दोघीच. अकोल्याच्या डॉक्टरबाई, आणि यंत्राची इंजिनियर पोरगी. जाड पेनासारखी दांडी, मागं वायर, वायर लॅपटॉपला.
"कापणार नाही ना?"
"नाही ताई. नुसतं टेकवायचं."
यातून मायक्रोवेव्हच्या लाटा सुटतात, पोरगी म्हणाली. मला आपली भट्टीच आठवली, भाजेल का विचारलं. ती हसली नाही. सांगत बसली. या लाटा मोबाईलपेक्षा हलक्या, कातडीवर आपटून परत येतात. खराब जागेत पाणी जास्त असतं, म्हणून तिथून वेगळ्या परततात.
आधी डावी कमर, चांगली. मग उजवी. गार लागलं, एवढंच. स्क्रीनवर दोन रेघा, एकमेकींपासून फाकलेल्या. तिनं परत टेकवलं. परत तेच. तिनं डॉक्टरबाईंकडं बघितलं.
बाईंनी हातमोजा घालून जखमेच्या कडा दाबल्या, जांघेत गाठ आहे का चाचपलं. नाक मुरडलं नाही. तेवढ्यानं रडू आलं मला.
म्हणाल्या, "हे यंत्र अजून अभ्यासातलं आहे. त्याच्यावरून कॅन्सर आहे असं मी म्हणणार नाही. पण ही जखम मला बरी वाटत नाही. अकोल्याला या, तुकडा काढून तपासू."
तेवढ्यात फ्लेक्स सरकवून भाऊसाहेबच आत. "सापडला का एखादा?" हरवलेली बकरी विचारावी तसं. डॉक्टरबाई ओरडल्या, "बाहेर व्हा आधी!" मी साडी गोळा करेस्तोवर त्याच्या मागच्यानं मोबाईल वर धरलेला.

१८ जाने.
गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो. माझी पाठ, अर्धं तोंड, सुटलेला पदर. खाली: "भाऊसाहेबांच्या प्रयत्नातून कॅन्सरचा पहिला रुग्ण शोधण्यात यश." गाव, नाव, सगळं. वर अंगठे, फुलं, जोडलेले हात.
यश!
डॉक्टरबाई जे म्हणाल्याच नाहीत ते यानं ठरवून टाकलं. ताईंनी त्याच्या दारात जाऊन तमाशा केला तेव्हा काढला. काढून काय. मंगरूळात कुणाच्या मोबाईलमध्ये नाही तो?

२० जाने.
शेजारी हळदीकुंकू. मुद्दाम गेले. कुंकू लावताना बाईनं हात एवढा लांबवला की कपाळाऐवजी भुवईला लागलं. बाकीच्यांना वाण हातात, माझं सतरंजीवर ठेवलं. म्हणे, "घ्या ना वैनी." मी तिथंच ठेवून आले. संध्याकाळी एक गिऱ्हाईक न शिवलेलं ब्लाउजपीस परत मागायला. दोन बोटांत धरून नेलं. जसं काही कपड्याला...

२१ जाने.
प्र.: "डॉक्टरीनच म्हणे ना, नक्की नाई म्हणून? मंग कापाले कायले जातं? सुरी लागली का पसरते."
डॉक्टरबाई खरं बोलल्या, तर त्याच खऱ्याची यांनी पळवाट केली. संताप.
दुपारी मीच डॉक्टरबाईंना फोन लावला. "नक्की सांगत नाही, तर यंत्र कायले आणलं?"
"कुणाला कापायची गरज नाही आणि कुणाला आहे, एवढं आधी कळावं म्हणून. तेही अजून शिकतंय. तुमचं मात्र मी डोळ्यांनी पाहिलंय. कापल्यानं पसरत नाही ताई, उशिरानं पसरतं."
प्र. समोरच बसलेले. फोन स्पीकरवर होता. पेपर वाचत राहिले.

२४ जाने.
ताईंसोबत अकोला. प्र. ना काम निघालं. आधी त्या यंत्रवाल्या पोरीनं विचारलं, पुन्हा मोजू का, नाही म्हणालात तरी चालेल, उपचारात फरक पडणार नाही. म्हटलं, मोज. फोटो काढशील तर हात मोडीन. ती म्हणाली, इथं फोटो नाहीत.
मग बधिर करायची सुई, मग तुकडा. मुगाच्या डाळीएवढा, बाटलीतल्या पाण्यात. इतके दिवस जिकडं बघितलं नाही ते नीट बघितलं. घाण वाटली नाही. नुसतं मांस. किळस वाटायला माझ्याकडं आता दुसरी माणसं आहेत.

२७ जाने.
टाका ओढतो. स्वतःसाठी सैल सलवार शिवली, रुंद पट्ट्याची. प्र. म्हणाले, "या वयात? लोक काय म्हणतीन?" मी ब्लाउजला काज करत बसले.
भाऊसाहेबाचा निरोप, पुढच्या शिबिरात स्टेजवर सत्कार. निरोप्याला म्हटलं, त्याले म्हणा तूच कपडे सोडून उभा राह्य. ताई फोनवर किती वेळ हसत होत्या.

३ फेब्रु.
दवाखान्यातून फोन. रिपोर्ट आला, प्रत्यक्ष या, फोनवर सांगत नाहीत. बाईंना द्या म्हटलं, त्या ओपीडीत.
चांगलं असतं तर फोनवर सांगितलं असतं का? की सगळ्यांनाच बोलावतात?
ताईंच्या घरी पाहुणे, त्यांना जमत नाही. पिशवी भरत होते तर प्र. दारात. म्हणाले, "उद्या मी येतो."
म्हटलं, "या. पण डॉक्टरसमोर मी बोलीन. तुमी नाई."
मान हलवली की नुसती खाली घातली, समजलं नाही.