सीट पुढे घेण्याबद्दल

मंगळवार, ११ फेब्रुवारी

प्रिय भाऊजी,

आशीर्वाद. तो आधीच लिहून ठेवते, कारण पुढे रागाच्या भरात राहून जाईल. तुम्ही बरे असाल. जाऊबाईंचा गुडघा कसा आहे? त्यांना म्हणावं, जिना कठड्याला धरून उतरा आणि उतरताना फोनवर बोलू नका. मी ठीक आहे. वाचनालयात आता एका वेळी तीन पुस्तकं देतात, त्यामुळे माझी चंगळ आहे.

आता मुद्द्याचं. तुम्ही सीटवाल्याला फोन का केलात?

मला करता आला असता. माझा नंबर तुमच्याकडे आहे, जाऊबाई त्यावर रोज तासभर बोलतात. पण तुम्ही त्याचा नंबर मेकॅनिककडून मिळवलात, त्याला काम थांबवायला सांगितलंत आणि मला मात्र चार पानी पत्र लिहिलंत. त्यात त्या फोनचा एका शब्दानेही उल्लेख नाही.

मला कळलं ते काल सकाळी. पेट्रोल पंपामागच्या गल्लीत त्याचं दुकान आहे, तुम्ही पाहिलेलं नाही. शटरच्या आत रेक्झिनच्या उभ्या गुंडाळ्या, गोंदाचा उग्र वास आणि मधोमध दोन स्टुलांवर आपल्या गाडीची पुढची सीट, वरचं कव्हर उसवून, स्प्रिंगा उघड्या. उंदरांनी कुरतडलेला काथ्या एका कोपऱ्यात झाडून ठेवलेला. सगळं शुक्रवारी होतं तसंच. मी विचारलं, "काम का थांबलं?"

कानामागचा खडू काढून त्याने परत कानामागेच ठेवला. "बाई, साहेबांचा फोन आला होता. म्हणाले, हात लावू नका."

"कोणते साहेब?"

"तुमचे दीर. म्हणाले, गाडी घराण्याची आहे, बाईंना त्यातलं कळत नाही, मी रविवारी येऊन बघतो." मग जरा घुटमळला. "बाई, राग मानू नका. पण घरात मोठं कोण? म्हणजे मी ऐकू कोणाचं?"

"घरात मी एकटी असते," मी म्हटलं. "सगळ्यात मोठी मी आणि सगळ्यात धाकटीही मीच. तेव्हा माझंच ऐका."

तो हसला, पण खडू काही उचलला नाही. पुरुषाने फोन केला की खडू कानामागेच राहतो. परत येताना मी इतकी तणतणत आले की घर ओलांडून दोन फाटकं पुढे गेले.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पत्रा कापला, गंज काढला, इंजिन उघडलं, तोच राखाडी-निळा रंग दिला, तोवर तुम्ही "शाब्बास वहिनी" म्हणत होतात. आतल्या भागाला हात लागला आणि मी एकदम गुन्हेगार झाले. "दादाच्या गाडीचं सोंग करू नका" असं तुम्ही लिहिलंत. तुमच्या जुन्या गाड्यांच्या क्लबातले लोक नावं ठेवतील म्हणे. ठेवू देत. त्यांतल्या एकानेही चार वर्षांत त्या शेडचं दार उघडून बघितलेलं नाही.

तपकिरी रेक्झिन जाऊन हिरवं कापड येणार, याचं तुम्हाला दुःख. भाऊजी, त्या रेक्झिनने उन्हात पाठ भाजायची. तुमचे दादा त्यावर टॉवेल अंथरून बसायचे. फाटला की नवा टॉवेल. चोवीस वर्षं टॉवेलवर बसलेल्या माणसाचं त्या रेक्झिनवर प्रेम होतं, हे तुमच्या क्लबाने कुठून शोधून काढलं? मी जाड सुती कापड निवडलं आहे. टॉवेल लागणार नाही.

दाराच्या आतल्या बाजूला मी खिसा करून घेणार आहे, एक पुस्तक आणि चष्मा मावेल एवढा. त्यालाही तुमची हरकत. ॲशट्रे मात्र राहणार. ओढत तर कोणीच नव्हतं, पण हे त्यात सुटी बटणं ठेवायचे. का, ते मला अजून कळलेलं नाही. सात आहेत. एकही त्यांच्या कुठल्या शर्टाचं नाही, मी सगळे शर्ट तपासले. बटणांसकट राहणार.

आणि ती खळगी. तुम्ही लिहिता, चालकाच्या जागेवर जी खळगी पडली आहे ती भरू नका, ती दादाची खूण आहे, स्प्रिंग बदलली तर ती जाईल. भाऊजी, मी रोज ज्या पलंगावर झोपते त्याच्या दुसऱ्या बाजूला एक खळगी आहे. खळगी कशी जपायची हे मला तुम्ही शिकवू नका. पलंगावर मी माझ्या बाजूला झोपते, म्हणून तिथली राहिली. गाडीत मला तिच्यावर बसायचं आहे.

राहिला तो "मूळचं" हा शब्द. तुमच्या पत्रात तो अकरा वेळा आला आहे. आतली मांडणी मूळची राहिली पाहिजे, सीट मूळच्या जागी राहिली पाहिजे. तर ऐका. गाडीबरोबर आलेलं माहितीचं पुस्तक मी शब्दकोश घेऊन पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं आहे. तुम्ही दोघांनी त्यातलं फक्त इंजिनाचं प्रकरण वाचलंत, बाकीची पानं एकमेकांना चिकटलेलीच होती. एकविसाव्या पानावर चित्र आहे. पुढची सलग सीट दोन लोखंडी रुळांवर बसते आणि खालचा खटका ओढला की पुढेमागे सरकते, कमीजास्त उंचीच्या चालकांसाठी. उंच आणि बुटके, दोन्ही. ही मूळची मांडणी. गाडीच्या तळातून आरपार चार बोल्ट घालून सीट पार मागे जखडून टाकणं त्या पुस्तकात कुठेच नाही. ते तुमचं आणि तुमच्या दादांचं काम.

ते रूळ मला सापडले आहेत. माळ्यावर, त्यांच्या जुन्या पँटच्या कापडात गुंडाळून, सुतळीने बांधलेले, वर त्यांच्या अक्षरात चिठ्ठी: "पुढच्या सीटचे. टाकू नये."

तेव्हा सीट पुढे घेण्याबद्दल तुम्ही जे लिहिलं आहे, की वहिनीच्या हौसेसाठी दादाची जागा हलवायची का, त्याला माझं उत्तर

 

बुधवार सकाळ

काल तिथेच थांबले. उत्तर येत नव्हतं असं नाही. चार वर्षं तयार आहे. पण ते लिहिलं की आपल्या दोघांत काहीतरी कायमचं बदलेल, म्हणून पेन खाली ठेवलं. आज उठून वाचलं तर पुन्हा तोच संताप आला. "हौस" हा शब्द तुम्ही लिहायला नको होता.

ते बोल्ट घातलेत तो दिवस आठवतो का? रुळाचे दात झिजले होते, ब्रेक मारला की सीट खडखडत मागे जायची आणि हे वैतागायचे. तुम्ही सुट्टीला आला होतात. शेडसमोर तुम्ही गाडीखाली आडवे, फक्त पाय बाहेर, आणि हे पाने देत उभे. मी चहा घेऊन आले आणि विचारलं, "एवढी मागे जखडताय, कधी मला बसायचं झालं तर?"

गाडीखालून तुमचा आवाज आला, "वहिनी, तुम्हाला कुठे चालवायचीये? तुम्ही बाजूला बसून पुस्तक वाचा!"

हे हसले. तुमचे पायसुद्धा हसत होते. आणि मीही हसले. सगळ्यात जास्त बोचतं ते तेच, की मीही हसले.

त्यानंतर पाच वर्षांनी मी गाडी शिकले. हे तुम्हाला माहीत नाही. कोणालाच नाही. वाचनालयामागच्या गल्लीत ड्रायव्हिंग स्कूल आहे. दुपारी मी वाचनालयात जाते म्हणून निघायचे आणि खोटं नको म्हणून आधी पुस्तक बदलायचे, मग शिकायला जायचे. तीन महिने. तिथल्या छोट्या गाडीची सीट पुढे यायची, माझा पाय क्लचवर पुरता टेकायचा. परीक्षा पहिल्याच फेरीत पास झाले. लायसन्स पिठाच्या डब्यामागे ठेवलं होतं. हे निवृत्त होणार होते त्या दिवशी त्यांच्या हातात द्यायचं, असं मनात होतं. सात आठवडे राहिले होते.

खाणीजवळच्या चढावर काय झालं ते मी सगळ्यांना सांगितलं, पण अर्धंच. ह्यांच्या छातीत दुखायला लागलं, त्यांनी गाडी कडेला घेतली, फोनला रेंज नव्हती, मी रस्त्यावर धावले, बऱ्याच वेळाने एक ट्रकवाला थांबला. हे सगळं खरं आहे. पण मी लगेच धावले नव्हते.

आधी मी त्यांना माझ्या बाजूला सरकवलं. सलग सीट, म्हणून सरकवता आलं. मग फिरून पलीकडे गेले आणि स्टिअरिंगमागे बसले. किल्ली फिरवली, गिअर पाहिला, आरसा नीट केला. सवयीने झालं, भाऊजी, शिकवलं होतं तसं. हे डोकं टेकून माझ्याकडे बघत होते. म्हणाले, "तुला येतं?"

मी म्हटलं, "येतं."

आणि क्लचला पाय पुरेना. फक्त बोटं टेकत होती. मी काठावर आले तर स्टिअरिंगखाली घसरायला लागले. पाठीमागे त्यांची पिशवी लावली, टॉवेल गुंडाळून लावला, तो चेपून गेला. अर्धवट दाबून पाय उचलला की गाडी उडी मारून बंद. तीनदा. खालचा खटका शोधायला हात घातला तर खटका नाही, बोल्टाचं डोकं हाताला लागलं. त्यानंतर मी रस्त्यावर धावले. ते पुढे काही बोलले नाहीत.

डॉक्टरांना मी विचारलं नाही की वेळेत आणलं असतं तर काय झालं असतं. अजूनही विचारणार नाही.

पण त्याच आठवड्यात बाहेरच्या खोलीत माणसं बसली होती आणि मी पाण्याचे पेले भरून आत दाराशी उभी होते. तुम्ही म्हणालात, "वहिनीला गाडी येत असती तर दादा आज असता." रडत रडत म्हणालात, मला माहीत आहे. सगळ्यांनी माना हलवल्या. मी पेले घेऊन बाहेर आले आणि पहिला तुम्हाला दिला.

चार वर्षं मी ते वाक्य गिळून बसले आहे. ते तुमची दया आली म्हणून नव्हे. तुमचे बोल्ट सांगायचे तर मला माझंही सांगावं लागलं असतं. एखाद्या संध्याकाळी मी नुसतं म्हटलं असतं, "अहो, मला गाडी यायला लागली," तर हे आधी रुसले असते, मग दोन दिवस चौकशी केली असती, आणि तिसऱ्या दिवशी पाना घेऊन स्वतः खाली वाकले असते. त्यांना मी ओळखते. नाहीतर रूळ जपून "टाकू नये" कशाला लिहिलं असतं? मला त्यांना चकित करायचं होतं. केलं.

तुम्हाला दोष देत नाही असं लिहिलं तर खोटं होईल. देते. मलाही देते. त्यांच्यावरही चिडते, हसल्याबद्दल, आणि मग शेडमध्ये जाऊन ॲशट्रे उघडून बघते. पण ज्या जागेने मला त्या दिवशी गाडी चालवू दिली नाही, ती जागा मूळची म्हणून जशीच्या तशी जपून ठेवा, असं मला कोणी सांगायचं नाही. क्लबाने नाही आणि तुम्ही तर नाहीच नाही.

आज सकाळीच मी सीटवाल्याकडे जाऊन आले. त्याला हे काही सांगितलं नाही, फक्त गाडीचे कागद दाखवले, त्यावरचं माझं नाव, आणि त्याच पाकिटातलं लायसन्स. त्याने दोन्ही नीट वाचलं. मग स्टूल पुढे ओढलं. "बसा बाई. पाठ टेका. पाय असा लांब करा, क्लच दाबल्यासारखा." पाठीपासून तळव्यापर्यंत टेप लावला आणि खडूने जमिनीवर खूण केली. "तीस वर्षं गाडीचं माप घेतोय," म्हणाला, "बसणाऱ्याचं आज पहिल्यांदा." नव्या स्प्रिंगा घालून जरा उंच करणार आहे, म्हणजे बॉनेटच्या पुढचा रस्ताही दिसेल.

फक्त रूळ त्याला जमणार नाहीत. दात भरून, घासून, खटका बसवून द्यायच्या कामाला तो नाही म्हणाला. गाडीखाली आडवं होऊन ज्याने ते चार बोल्ट घातले, त्यालाच ते नीट माहीत. तुमचा हात त्यात चांगला आहे, हे मी रागातसुद्धा कबूल करते.

तेव्हा रविवारी या. बघायला येणार होतात, ते करायला या. तुमचे पाने आणा, ह्यांच्या पान्यांतला सतरा नंबरचा सापडत नाही. क्लबातल्या कोणाला बरोबर आणू नका. हे पत्र जाऊबाईंना दाखवायचं की नाही ते तुम्ही ठरवा. आल्यावर त्यावर बोलायलाच हवं असं नाही. मी चहा आणेन, तुम्ही खाली आडवे असाल, आणि मी वर बसून सांगेन सीट कुठे थांबवायची ते.

संध्याकाळी तुम्हाला स्टेशनवर मी सोडेन. तुम्ही बाजूला बसा. वाचायला काहीतरी घेऊन या.

तेव्हाही गाडी येत असलेली,
तुमची वहिनी