पाव किलोचा फरक

ता. ९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू शिवून पाठवलेली झोळी पाच तारखेला, ऐन वजनाच्या दिवशीच पोचली. सोबत चिठ्ठी नव्हती, पण टाका पाहूनच तुझा हात ओळखला. आमचं काम नेमकं चालतं कसं, असं तू मागे विचारलं होतंस, म्हणून सविस्तर लिहितो.

दर पाच तारखेला इस्त्रीवाल्या मावशींच्या खोलीत आढ्याला काटा टांगतो, त्याला झोळी अडकवतो आणि वस्तीतल्या तीन वर्षांखालच्या सगळ्या मुलांचं वजन करतो. वयाच्या मानाने वजन लाल रेघेखाली असेल, तर त्या मुलाला शेजारच्या एका घरी रोज दुपारचं ताट. मऊ भात, अंडं, केळं, वरून चमचाभर तेल. आया तेव्हा कामावर असतात. अकरा घरांनी जबाबदारी घेतली आहे, एका घरी एक मूल. मूल रेघेच्या वर गेलं, की ताट यादीतल्या पुढच्या मुलाला.

वजन आणि वही माझ्याकडे. आदल्या दिवशीच मी घरी रिकामी झोळी लावून काटा शून्यावर आणतो आणि स्क्रूवर चिकटपट्टी लावतो, म्हणजे कुणाचं बोट लागून तो फिरायला नको. मावशी म्हणतात, हा आंघोळीचं पाणीसुद्धा मोजून घेत असेल.

जुनी झोळी शिवणीत उसवली होती. म्हणून त्या दिवशी लगेच तुझी अडकवली. आणि काय पायगुण म्हणावा! अकरातली सात मुलं रेघेच्या वर. बायकांनी टाळ्या वाजवल्या. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई वरिष्ठांना दाखवायला वहीची नक्कल घेऊन गेल्या.

फक्त सायकल दुरुस्तीवाले काका फुरंगटून बसले आहेत. शेजारची बाई गोदामात लसूण सोलायला जाते, तिची चौदा महिन्यांची चिमणी त्यांच्याकडे जेवायची. ती रेघेच्या वर गेली, तिची जागा फरशीवाल्याच्या मुलाला मिळाली. काकांचं म्हणणं, पोर हाताला गेल्या महिन्याएवढीच लागते. हाताला काटा नसतो, असं मी म्हटलं, तर म्हणाले, काट्याला तरी हात कुठे असतो! म्हातारी माणसं, बोलतात.

भाऊजींना नमस्कार. रागावलीस तरी चालेल, पण लिहीत जा.

तुझा,
धाकटा


ता. १५ मार्च

चि. काटेकोरराव यांस,
अ. उ. आ.

पत्र वाचून तुझे भाऊजी म्हणाले, मेहुण्यांनी अक्षरंसुद्धा फूटपट्टीवर बसवलेली दिसतात. सात मुलं सुधारली, हे मी कारखान्यात सगळ्यांना सांगितलं. आमचा मुकादम कधी कुणाचं कौतुक करत नाही, तोही हं म्हणाला. त्याचं हं म्हणजे दुसऱ्याचं अर्धं भाषण.

झोळी पोरांना कशी बसते, ते तू लिहिलं नाहीस. मांड्यांना काचत नाही ना? पोरं पडू नयेत म्हणून मी प्रवासी बॅगांचं जाड कापड दुहेरी घेतलं आणि चारी कोपऱ्यांना लोखंडी कड्या टाकल्या. टपालातल्या बाबांनी पार्सल तोललं, साडेतीनशे ग्रॅम भरलं. विचारत होते, कापडच आहे ना आत, की घोड्याचं खोगीर पाठवताय? मी म्हटलं, राजपुत्रांचा पाळणा आहे.

आणि काकांशी असं तोडून बोलू नये. ज्याने पोर भरवलं, त्याला बोलायचा हक्क आहे. तू स्वतः काय खातोस, ते मात्र एकाही पत्रात नसतं.

तुझी काळजी करण्यात जिचा जन्म चालला, ती,
ताई


ता. २० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र दारातच उभ्याने वाचलं. साडेतीनशे ग्रॅम हा आकडा दोनदा वाचला. जुनी झोळी हातरुमालासारखी होती, जेमतेम शंभर ग्रॅम. शून्य मी तिच्यावर लावलं होतं. वजनं केली तुझ्या झोळीत.

तसाच मावशींच्या खोलीत गेलो. त्या कपडे पोचवायला गेल्या होत्या. तुझी झोळी रिकामीच टांगली. काटा पाव किलोवर गेला आणि तिथेच थांबला. चिकटपट्टी मी लावली होती तशीच होती, जरासुद्धा सुटलेली नव्हती.

घरी येऊन वहीतल्या प्रत्येक आकड्यातून पाव किलो वजा केलं. सातांपैकी सहा मुलं रेघेखालीच आहेत. चिमणी वहीत सात किलो साडेचारशे, खरी सात किलो दोनशे. पंधरा दिवस तिला दुपारचं ताट नाही. तिची आई हल्ली तिला घेऊनच लसणाच्या गोदामात बसते. रविवारपासून पोरीला जुलाब होत आहेत.

तुझी चूक नाही, हे आधी लिहितो. झोळी बदलली की शून्य पुन्हा लावायचं, हे मला माहीत होतं. आठवी नापास माणसालाही एवढं कळतं.

आता काय करू? आकडे वरपर्यंत गेले आहेत. पहिली दोन वर्षं लोक या बायकांना हसायचे, स्वतःच्या घरात चूल पेटत नाही आणि निघाल्या जगाला जेवू घालायला, म्हणायचे. आत्ता कुठे ते थांबलं आहे. मी सांगितलं तर पुन्हा हसतील, आणि वही माझ्याकडून जाईल. गुपचूप स्क्रू फिरवला, तर पाच एप्रिलला सहाही मुलं आपोआप रेघेखाली दिसतील. कुणाला कळणारही नाही. उलट टपाली कळव. वाट पाहतो.

तुझा,
धाकटा


ता. २४ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

हे पत्र तुला मिळेपर्यंत आठवडा होईल. जुलाब लागलेल्या पोरीचा आठवडा तू मला विचारण्यात घालवलास. पाच एप्रिलपर्यंत तिने काय खायचं, तुझी वही?

वाचून होताच चपला घाल आणि मावशींकडे जा. कड्या मी टाकल्या, हेही सांग. काय झालं ते कळव. मला झोप नाही.

ताई


ता. ३ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र येण्याआधी मी सांगितलं होतं. पण लगेच नाही, तिसऱ्या दिवशी. ते दोन दिवस माझ्या नावावर राहतील.

मावशींनी इस्त्री बाजूला ठेवली आणि सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाल्या, की चल, आधी पोरीला बघू. डॉक्टरीणबाई माझ्यावर चिडल्या. वर आता कोणत्या तोंडाने जाऊ, म्हणाल्या, पण त्याच दिवशी चिमणीला दाखल करून घेतलं. दवाखान्याच्या काट्यावर सहा किलो आठशे. आठ दिवस तिथे होती. आता घरी आहे.

पलीकडच्या गल्लीतले हसलेच. कांदे तोलून देतोस का, विचारतात. वही माझ्याकडेच आहे, पण आता रिकाम्या झोळीचा काटा आधी दोन बायका पाहतात, मग वजन.

चिमणीची आई मला रागावली नाही. म्हणाली, रोज कडेवर घेते, हलकी लागायची. पण तुमचं लिहिलेलं होतं, म्हणून मी स्वतःलाच खोटं धरलं. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

नव्याने ताट मिळालेल्या मुलांचं काढून घ्यायचं नाही, असं ठरलं. म्हणजे सहा मुलांना सहा नवी घरं हवी. सगळ्यांना बोलावलं. पाच घरं पुढे आली. चिमणी राहिली. काकांकडे फरशीवाल्याचा मुलगा आहे आणि काकू आजारी, त्यांना दुसरं मूल झेपत नाही. मावशींनी तिच्या आईला विचारलं, तुझ्या मनात कोणतं घर आहे? तिने माझ्याकडे बोट दाखवलं. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. एक जण म्हणाली, अगं, त्याच्या घरी धड दोन भांडी तरी आहेत का? ती म्हणाली, भांडी मी देते.

मग भात मऊ कसा करायचा ते मावशींकडून शिकलो. पहिले दोन दिवस पोरीने तोंड उघडलं नाही, दाराकडे बघून रडत राहिली. तिसऱ्या दिवशी माझ्या शर्टाचं बटण धरून बसली आणि चार घास खाल्ले. आज पाचवा दिवस. मी चमचा पुढे केला तर तिने माझा हात ढकलला, चमचा हिसकावून घेतला आणि स्वतःच खायला लागली. अर्धं जमिनीवर सांडलं. मी तिथेच बसून राहिलो.

तुझ्या रागाला आणि मायेला सारखाच पात्र,
धाकटा