काळजी नसावी

प्रिय खारूताई,

तुझं रविवारचं शब्दकोडं मिळालं. सोडवलंही. पण नेहमीसारखी सोबत उत्तरांची उकल पाठवत नाही, कारण या वेळी उकलायचं काहीतरी वेगळंच आहे. आडपडदा न ठेवता विचारतो: गेले काही रविवार येणारी ही कोडी तू करतेस का? मला नाही वाटत. आणि तू करत नसशील, तर तू कुठं आहेस, कशी आहेस, एवढं मला कळलं पाहिजे. बाकी गप्पा मागाहून.

तुझी आई म्हणते, बँकेत जन्मभर लोकांच्या सह्या ताडून पाहिल्यात, आता घरातल्यांच्याही पाहा. म्हणेना का! सही ताडणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते, खोटी सही नेहमी खरीपेक्षा नीटनेटकी असते. तुझी कोडी कशी यायची? चौकटीच्या कागदावर, शाईनं काळी केलेली घरं, आणि तू डावखुरी, त्यामुळे ओल्या शाईवरून हात फिरून अर्धा कागद बरबटलेला. आता छापील कागद येतो. स्वच्छ, गुळगुळीत. का, तर म्हणे तुझं मनगट दुखतंय. बरं, फोनवर तरी बोल, तर घसा बसलाय. मनगट आणि घसा एकदम धरणारी ही कुठली साथ आली गं बाई? फोन दर वेळी जावईबापू उचलतात, दोन वाक्यं बोलतात, त्यातलं एक 'सगळं ठीक आहे' असतं. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

आठवतं, तू चिमुरडी होतीस तेव्हा जेवणाच्या टेबलावर मी तुला पहिलं कोडं समजावलं होतं? 'पगाराचं डोकं उडव, थंड पडेल.' दोन अक्षरी. तू आपली विचारत बसलीस, पगाराला डोकं कुठं असतं आणि रक्त येईल का. मी म्हटलं, गोष्ट ऐकू नकोस, काम बघ. डोकं उडव म्हणजे पहिलं अक्षर काढ. उरलं 'गार'. गार म्हणजे थंड. झालं! ओळीतला शब्द न् शब्द कामावर हजर, बसून खाणारा एकही नाही. त्याच संध्याकाळी तू मला उलट कोडं घातलंस, '"मी नक्की जिंकणार" म्हणणाऱ्याच्या पोटात मासा.' मी मुद्दाम डोकं खाजवत बसलो, तशी तू खुर्चीवर चढून ओरडलीस की 'मी' घ्या, शेजारचा 'न' घ्या, झाला की मीन! आईनं दोघांनाही ओरडून खाली बसवलं. तेव्हापासून आपला कायदा ठरला: फसवायचं, पण खोटं बोलायचं नाही. आणि नुसतं उत्तर चालणार नाही, ते का बरोबर आहे हे सांगता आलं पाहिजे.

आता या रविवारची ही आडवी ओळ बघ. 'उलट वाहणारी नदी कृपया पाहावी, परिस्थिती बेताची, पण काळजी नसावी.' दोन अक्षरी. नदी उलटी केली की 'दीन', दीन म्हणजे परिस्थिती बेताची. उत्तर बरोबर. पण ते 'कृपया' कशाला? आणि 'काळजी नसावी' हे कुठलं काम करतंय? मी सकाळभर त्या शब्दांची उलटापालट केली, डोकी उडवली, पोटं फाडून बघितली. काही म्हणजे काही निघालं नाही. शुद्ध फुकटे! बरं, ही एकच ओळ नाही. मागच्या रविवारी 'सावकाश सोडवावे' होतं, त्याच्या मागे 'त्रासाबद्दल क्षमस्व'. तू जन्मात कधी कुणाला 'कृपया' म्हणाली नाहीस, मीठ मागतानासुद्धा नाही. आणि कोड्यात 'काळजी नसावी' कोण लिहितो? ज्याच्या पोटात काळजी आहे, तोच ना? चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

मग कोडी कोण पाडतंय हे सांगायला ज्योतिषी नको. खरं सांगतो, मी आधी वाईटसाईटच मनात आणलं. तुमचं काहीतरी बिनसलं, तू घर सोडून गेलीस आणि आम्हाला पत्ता लागू नये म्हणून हे गृहस्थ तुझ्या नावावर कागद पाठवतायत. त्यांच्याविषयी माझं मत तुला माहीतच आहे. आपल्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा चहा संपला, बिस्किटं संपली, तरी एक वाक्य पुरं झालं नव्हतं. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, जगाला वर पोचवील, पण मनातलं काही वर येऊ द्यायचा नाही. आईला हे बोललो तर ती म्हणाली, तुम्हाला दोरीतही साप दिसतो आणि दोरी त्यांच्या हातात असली तर नागच दिसतो.

तरीही चैन पडेना, म्हणून मी माझ्या जुन्या पद्धतीवर आलो. कोडं करणाऱ्याला शब्द काही आभाळातून मिळत नाहीत, तो बसलेला असतो तिथलेच उचलतो. तुझी परीक्षा असायची तेव्हा तुझ्या कोड्यात 'घंटा' आणि 'शाई' हमखास. आणि नोकरीच्या पहिल्या वर्षी एका रविवारी एकाच कोड्यात 'मजला', 'दोर', 'कप्पी' आणि 'पान्हा' आले, तेव्हा मी तुझ्या आईला म्हटलं होतं, आपली पोरगी एक तर लिफ्टमध्ये अडकलीय, नाहीतर लिफ्टवाल्यात. दोन्ही खरं निघालं! तू आम्हाला सांगितलंस त्याच्या कितीतरी आधी मला कळलं होतं. तर काल मी ही सगळी छापील कोडी जमिनीवर पसरली आणि ओळी सोडून नुसती भरलेली उत्तरं वाचत गेलो. खाट. सुई. टाके. रांग. डबा. परिचारिका. मग एका कोपऱ्यात, उभा, 'बाक'. खारूताई, मी तिथंच जमिनीवर बसून राहिलो गं.

पत्र तुझ्या नावानं आहे, पण पाकीट आधी तुम्हीच फोडणार, जावईबापू, म्हणून आता तुमच्याशी बोलतो. हिला काय झालंय ते मला माहीत नाही. कोडं थांबलं तर बाबा ताडतील, असं तिनंच खाटेवरून बजावलं असणार, आणि ज्याला साधं वाक्य पुरं करायला जड जातं, तो माणूस दवाखान्याच्या बाकावर बसून अक्षरं उलटी करायला शिकला. तुमची कोडी फार वाईट आहेत, हे आधी सांगतो. ओळीत निम्मे शब्द बसून खाणारे. पण ते सगळे फुकटे मला धीर द्यायला पाठवले होते, हे काल कळलं आणि मी लहान पोरासारखा रडलो. फोन करत नाही, कारण तुम्ही पुन्हा 'सगळं ठीक आहे' म्हणाल. आईला सांगितलं. या वेळी ती दोरीचं आणि सापाचं काही बोलली नाही, नुसती उठली आणि माळ्यावरची बॅग काढायला स्टूल ओढलं. हे कुरियर उद्या पोचेल, आम्ही परवा. उत्तरात कोडं नको, फक्त दवाखान्याचा पत्ता द्या. हे सगळं तिला वाचून दाखवा आणि शेवटचं वाक्य दोनदा वाचा, कारण ती पोटात मासा शोधत बसेल. मी नक्की येतोय, आणि या वेळी जे लिहिलंय तेच खरं आहे.

तुझाच,
आणि जावईबापू, आता तुमचाही,
बाबा